दिवाळं निघालं तरी घर गहाणच असतं

धंदा बुडाला, कोर्टात नादारीचा अर्ज दिला, म्हणजे बँक आता घराला हात लावणार नाही, असं कुणी समजत असाल तर तो समज आधी मनातून काढा. साध्या माणसाच्या नादारीला आपल्याकडे अजूनही मुंबई शहरात १९०९चा आणि बाकी महाराष्ट्रात १९२०चा कायदा लागतो. या दोन्ही कायद्यांत ज्याच्याकडे तारण आहे, त्याला त्या तारणातून वसुली करायची मोकळीक आहे. पुरवठादारांची उधारी, हातउसने यांचा निवाडा तिथे होईल. गहाण फ्लॅटचं काय ते बँकेशीच बोलून ठरवावं लागतं.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. कितीतरी घरांत हे पाकीट न फोडताच कपाटात जातं. बायकोला कळू नये, म्हाताऱ्या आईवडिलांना धसका बसू नये म्हणून. कळकळीनं सांगतो, ते उघडा आणि घरात सगळ्यांना सांगा. व्याज चुकीचं लावलं असेल, भरलेले पैसे जमा दिसत नसतील, तर याच ६० दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच जपून ठेवा. बँकेला हरकत मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणांसह तसं कळवावं लागतं. हप्ते नव्यानं बांधून मागायचे असतील तर तेही आत्ताच मागा.

आणि घर टिकणारच नाही असं दिसत असेल, तर ते स्वतः विका. नोटिशीनंतर विक्रीला बँकेची लेखी परवानगी लागते, ती मागायला लाजू नका. लिलावातलं घर लोक बिचकत घेतात, भाव पडतो. तुम्ही आणलेलं गिऱ्हाईक बहुधा जास्त देतं आणि कर्ज फिटून उरलेला पैसा तुमचाच.

बँकेनं ताबा घेतला, दारावर नोटीस चिकटली, वर्तमानपत्रात नाव छापून आलं, तरी सगळं संपलेलं नसतं. ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, दाद मागता येते. मुंबई, पुणे, नागपूरला ही न्यायाधिकरणं आहेत. रोख पैसे घेऊन 'स्टे आणून देतो' म्हणणाऱ्यापासून मात्र लांब राहा. खर्चासकट सगळी बाकी भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. पूर्वी ही मुदत लांब होती, २०१६च्या दुरुस्तीनं ती आखडली. नातेवाईक मदत करणार असतील तर त्यांना ही मुदत स्पष्ट सांगा.

किल्ल्या देऊन टाकल्या की सुटलो, असंही नाही. लिलावात कमी पैसे आले तर उरलेली रक्कम तुमच्याकडून आणि जामीन राहिलेल्या मेव्हण्याकडूनही मागता येते. म्हणून तडजोड कराल तेव्हा 'यापुढे काही येणे नाही' हे बँकेच्या पत्रावर लिहून घ्या; वसुली एजंटाच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नका. त्याला सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. करत असेल तर वेळा लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि आपल्याकडे कितीतरी गृहकर्जांवर पत्नीचीही सही असते.