ज्ञानोपकरणाला लाखेचा लेप कशाला?



श्रुतपंचमीला पाठशाळेतल्या मुलांना हाताने घडवलेली लाकडी पेनं देणाऱ्या आपल्यात बऱ्याच जणी आहेत. प्लास्टिक टळतं, हे चांगलंच. पण पेनाच्या डबीवर 'नैसर्गिक पॉलिश' असं वाचून आपण निर्धास्त होतो, तिथे माझा आक्षेप आहे.

पेनाला झटपट चमक देणारं नैसर्गिक पॉलिश बहुतेक वेळा चपड्याचं असतं. चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळ सोडतात. त्या फांद्या तोडून, खरवडून, दळून, धुऊन लाख काढतात. त्यात असंख्य जीव जातात. पुष्कळदा त्यात मधमाशीचं मेणही मिसळतात. औषधाला मधाचं अनुपान सांगितलं तर बदलून मागणाऱ्या आपण, शास्त्र लिहायच्या पेनाला मात्र 'कशाचं पॉलिश?' असं विचारत नाही!

'खायचं थोडंच आहे?' असं कुणी म्हणेल. पण हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य १५ कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे. तिथे प्रश्न खाण्याचा नाही, व्यवसायातल्या हिंसेचा आहे. माल कुणी घेतल्याशिवाय व्यवसाय चालतो का? लाखेवर पोट असलेल्या झारखंडच्या कुटुंबांना मी नावं ठेवत नाही. व्रत आपलं आहे, ते आपणच पाळायचं. 'मग लाखेच्या बांगड्या?' तोही प्रश्न जरूर विचारा, पण 'मग पेनही चालेल' हे त्याचं उत्तर नव्हे.

कारागीर म्हणतात, चपड्याशिवाय जमत नाही. त्यांचा वैताग खरा आहे. चपडा लेथवर फिरत्या पेनाला चिंधीने लावला की दोन-चार मिनिटांत काम होतं. जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, पुसा, निदान एक दिवस थांबा, पुन्हा द्या. पावसाळ्यात तर ते वाळता वाळत नाही, वर धूळ चिकटते. सुपरग्लूचे थर दिले तर वाफेने डोळे चुरचुरतात, थर पांढुरका पडला तर सगळा घासून काढावा लागतो.

पण पेन रोज हातात राहतं. चपड्याची चमक घामाने उतरते, ओलाव्याने पांढरी पडते, सॅनिटायझर लागला तर विरघळते. म्हणजे जीवही गेले आणि चमकही गेली.

म्हणून मागणी करताना स्पष्ट सांगा: चपडा नको, मधमाशीचं मेण नको. जवसाचं तेल चालेल, वरून ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण चालेल. नुसतं बारीक पॉलिश पेपरने घासलेलं लाकूडही हाताला गोड लागतं. त्याला आठ-पंधरा दिवस जास्त द्या आणि जास्तीची मजुरी कुरकुर न करता द्या. घरी करणाऱ्यांनी तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळ्या पसरून वाळवा.

पेन थोडं मंद दिसेल. दिसू द्या. मुलाने 'हे चमकत का नाही?' असं विचारलं, तर त्याला सांगण्यासारखं आपल्याकडे काहीतरी असेल.