'फक्त रोख'ची पाटी आधी उतरवा!

दर दिवाळीला या पत्रिकेत एक आवाहन छापून येते : आपल्या माणसाच्या दुकानातूनच खरेदी करा. त्याखाली आम्हीही सही केलेली आहे. पण आज आम्हाला दुकानात बसलेल्या आपल्या माणसालाच दोन शब्द सुनवायचे आहेत. राग आला तर येवो.

2025 च्या जुलैत काय झाले ते आठवा. राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या जमा रकमा पाहून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. शेजारच्या हावेरीत एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांच्या 1 कोटी 63 लाखांच्या व्यवहारांवर 29 लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीवर जीएसटी नाही हे बी.कॉम.च्या पोरालाही कळते, खात्याला कळले नाही! आपले खासदार व केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी म्हणाले, नोटिसा राज्याने काढल्या; राज्यातले सत्ताधारी केंद्राकडे बोट दाखवीत राहिले. अखेर बंदची हाक आली, तेव्हा 23 जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांना बोलावले आणि जुनी थकबाकी घेणार नाही, मात्र यापुढे नोंदणी करा, असे सांगितले.

सरकारला बोल लावायचा तो लावूच. 2016 साली यूपीआय आणले, 2020 पासून त्यावरचे शुल्कही माफ केले, 'डिजिटल व्हा' म्हणून गल्लोगल्ली दवंडी पिटली, आणि माणूस डिजिटल झाल्यावर तोच हिशेब पुरावा म्हणून त्याच्या तोंडासमोर धरला. आधी कायदा समजावून सांगायला कोणी हात धरले होते?

पण आपण काय केले? बेंगळुरूचे बघून क्यूआरचा कागद गल्ल्यात टाकला आणि 'फक्त रोख' अशी पाटी लावली. कोप्पीकर रोडवरून बँकेत जाता-येता आम्ही हे पाहिले आहे. कॉलेजची पोरगी वस्तू निवडते, "फोनपे इल्लेन्री?" विचारते, आणि वस्तू तिथेच ठेवून शेजारच्या दुकानात जाते. आपल्या आडनावाची असली तरी जाते. आणि रात्री मंडळात हेच दुकानदार म्हणतात, "हल्लीच्या गिऱ्हाइकाला निष्ठा राहिली नाही हो!"

निष्ठा म्हणजे काय वडिलांनी ठेवलेली मुदत ठेव आहे, व्याज खात बसायला? आपल्या आजोबांनी गिऱ्हाईक राखले ते उधारीच्या वहीवर. कोणाचा पगार कोणत्या तारखेला, कोणाच्या घरी लग्न, सगळे त्या लाल वहीत. 2024 साली रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे 15 मार्चनंतर पेटीएम पेमेंट्स बँकेतल्या खात्यांत पैसे जमा होणे थांबले. ज्यांचे खाते तिथे होते त्यांनी दुसऱ्या बँकेचे जोडले, नवा कागद चिकटवला. गिऱ्हाईक तेच राहिले. म्हणजे ते कागदासाठी येत नव्हते. पण कागदच नसेल तर थांबतही नाही.

मुळात पाटीने कर चुकत नाही. मर्यादा उलाढालीची आहे, यूपीआयची नव्हे. रोख घेतले तरी ती उलाढालच. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. त्यापुढे दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजनेत उलाढालीच्या 1 टक्का भरायचा, तोही तिमाहीला. यात खरेदीवरचा कर वळता होत नाही, हे खरे. पण यासाठी गिऱ्हाईक घालवायचे?

खरे दुखणे वेगळे आहे, आणि ते आम्ही काउंटरमागे बसून रोज बघतो. दुकानाचा क्यूआर घरच्या बचत खात्यावर! त्यात विक्रीचे पैसे, भिशीचे पैसे, पुण्याच्या मुलाने पाठवलेले पैसे, मेहुण्याने परत केलेले हातउसने, सगळे एकत्र. नोटीस आली की यातले विक्रीचे किती, हे मालकालाच सांगता येत नाही, मग अधिकारी सगळेच विक्रीत धरतो. आणि असा माणूस मुद्रा कर्जाला आला की आम्हीही त्याला नकाराचाच कागद देतो, कारण धंदा दिसतच नाही. चालू खाते उघडायला एक दुपार लागते. आमच्या घरातल्याच एका दुकानाने ते वर्षभर टाळले, तेव्हा दुसऱ्याला कशाला नावे ठेवा!

आता कार्यकारिणीला आमची मागणी. बंदच्या पाठिंब्याचे ठराव पुष्कळ झाले. दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. मंडळाच्या सभागृहात एक टेबल आणि चार खुर्च्या द्या, आम्ही सकाळी दहाला येऊन बसू. दुकानदारांनी पासबुक आणि वर्षाची खरेदीची बिले आणावीत. गल्ल्यात टाकलेला तो कागदही आणावा.