टाचेची भेग आणि माशीचे घर

थंडी पडली की आमच्या वस्तीतल्या आयाबहिणींच्या टाचांना भेगा पडतात. आम्ही त्यांना जुना उपाय सांगतो. एक चमचा मधमाशीचे मेण (मेणबत्तीचे नव्हे) आणि चार चमचे खोबरेल तेल वाटीत घाला. वाटी गरम पाण्यात ठेवून मेण वितळवा. थंड झाल्यावर रात्री पाय धुऊन लावा. मेणाचा थर त्वचेतला ओलावा धरून ठेवतो. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

हे मेण कामकरी माशी आपल्या पोटाखालच्या ग्रंथींतून काढते. एक किलो मेणासाठी माश्यांचा सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो. आणि आपण? आग्यामोहोळ दिसले की टेंभा लावतो. मोहोळ पिळले की आतल्या अळ्याही मरतात. सातेरी माशी मात्र पेटीत पाळता येते. यंत्राने मध काढला की पोळे शाबूत राहते. महाबळेश्वरजवळचे मांघर मधमाशीपालनामुळेच २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ झाले.

गावी शेत असेल, तर पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळा. करावीच लागली तर संध्याकाळी करा. कष्टाने उभारलेले घर कोणी जाळले की काय वाटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.