पोडावरच्या मुलाशी बोलणार कोण?

यवतमाळ जिल्ह्यात मनाच्या आजाराचा विषय निघाला की चर्चा शेतकरी आत्महत्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. सरकारचा प्रेरणा प्रकल्पही त्याच दुखण्यातून आला. या सगळ्यात आदिवासी मूल मात्र कुठेच दिसत नाही. बोरी अरबच्या माणसाला मानसोपचारासाठी यवतमाळ गाठायचं तर मजुरी बुडते, भाडं लागतं. पण तिथे पोचल्यावर आपलं गाऱ्हाणं आपल्या बोलीत तरी मांडता येतं. झरीजामणी किंवा केळापूरच्या कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, मुलाला घेऊन आलेल्या आईला तेवढीही सोय नाही. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. व्यवहारापुरती मराठी तिला येते, पण बाजारात भाव करण्याची भाषा वेगळी आणि लेकरू रात्री दचकून का उठतं हे सांगण्याची वेगळी. केंद्राची टेलिमानस सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर 20 भाषांत बोलते. त्यांत कोलामी नाही. डॉक्टर कमी आहेत हे खरंच, पण त्याआधी उणीव आहे ती ऐकून घेणाऱ्या माणसाची, आणि तो माणूस पोडावरूनच तयार करावा लागेल.

आश्रमशाळेत ही उणीव सर्वांत जास्त बोचते. सहा-सात वर्षांचं पोर जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन येतं. मग अंथरूण ओलं होतं, पोट दुखतं म्हणून ते वर्गाबाहेर बसतं, दिवाळीला घरी गेलं की परत येत नाही. हजेरीपटावर याची नोंद ‘गैरहजर’ एवढीच. शेकडो मुलांचं जेवणखाण सांभाळणाऱ्या अधीक्षकाला दोष देऊन भागणार नाही. हे ओळखायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचे घाव पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तिथल्याच ब्रिटिश कोलंबियात चँडलर आणि ललाँड यांनी 1998 मध्ये दाखवलं, की ज्या आदिवासी वस्त्यांच्या हाती स्वतःचा कारभार, शाळा, आरोग्यसेवा होती, तिथे तरुणांच्या आत्महत्या फार कमी होत्या. काही ठिकाणी एकही नव्हती. एकामुळेच दुसरं घडलं, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. आपल्या आश्रमशाळा म्हणजे कॅनडातल्या त्या शाळा असंही नव्हे. तरी दिशा कळते.

आणि पुरावा इतक्या दूरचाच आहे असं नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ या उपक्रमाने 30 गावांत गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्याचं काम त्यांच्याकडे दिलं. उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आला. ही गावं कोलामांची नव्हती, पण ओळखीचा माणूस दारात आला की लोक बोलतात, ही गोष्ट पोडावर बदलेल असं मानायला कारण दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो अंधश्रद्धेचा. पोडावरचीच माणसं घ्यायची तर भगतही आलाच, आणि त्याला मान दिला तर उपचार मागे पडतील, ही भीती पोकळ नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच झाला नाही. पण मेळघाटात भूमकांना, म्हणजे तिथल्या भगतांना, शत्रू न मानता रुग्ण दवाखान्यात आणण्याच्या कामात घेण्याचे प्रयत्न झालेच आहेत. अघोरी प्रकार दिसला तर कायदा आहे. नुसता अंगारा लावणाऱ्या म्हाताऱ्याला हिणवून मात्र आपण अख्खं कुटुंब गमावतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. समाज म्हणजे सगळं सोज्वळ असं नसतं. झरीजामणीतल्या कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे. अनेकींना फसवणारे बाहेरचे होते, पण पोडावरच्या जातपंचांसमोर तोंड उघडणंही अशा मुलीला सोपं नाही. म्हणूनच संस्कृतीचं भान ठेवणं म्हणजे पंचांच्या हवाली करणं नव्हे. शिकवलेल्यांत बाया हव्यात, आणि त्यांच्या कानी पडलेलं चावडीवर जाता कामा नये. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा गोपनीयतेचा हक्क देतोच.

राहिला पैसा. राज्यातल्या कोलाम, कातकरी आणि माडिया गोंडांसाठी नोव्हेंबर 2023 पासून पीएम-जनमन योजना आहे. तिच्यात घरं, रस्ते, नळ, अंगणवाड्या, वसतिगृहं, फिरती आरोग्य पथकं, बहुउद्देशीय केंद्रं असं सगळं आहे. मनाच्या आरोग्याचं वेगळं काम नाही. नवी योजना कशाला? फिरत्या पथकात कोलामी बोलणारी एक प्रशिक्षित बाई आणि प्रत्येक आश्रमशाळेत तिचा आठवड्याचा एक ठरलेला दिवस, एवढं पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आरोग्य खात्याशी बसून ठरवायचं आहे. पुढच्या जूनला नव्या पेट्या येण्याआधी ते ठरायला हवं.