सिमेंट बदललं, गवंड्याला कोण सांगणार?

पेण तालुक्यातल्या डोलवीला पोलाद तयार होतं. त्या भट्टीतून निघणारा स्लॅग दळून सिमेंटमध्ये मिसळतात. हे सिमेंट खाऱ्या हवेत सळईला गंजण्यापासून जास्त वाचवतं, म्हणजे खाडीकाठच्या गावांसाठी चांगलंच. क्लिंकर कमी लागतो, म्हणून इंधन आणि धूरही कमी. पण ते सावकाश पकडतं. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १०, आणि कडक उन्हात १४ दिवस. आता आपल्याकडच्या साईटवर बघा. चार-पाच दिवसांत पाण्याचा पाईप गुंडाळला जातो. स्लॅबला तडे गेले की मग सिमेंट खराब होतं म्हणायचं!

एएसी ब्लॉकचंही तेच. लाल वीट भिजवून लावायची, ही पिढ्यांची सवय. हा ब्लॉक तसा भिजवायचा नसतो. तो २-३ मिलिमीटर चिकट मसाल्यावर बसतो. भिजवला की पुढे प्लास्टरला बारीक चिरा येतात. (या ब्लॉकमुळे वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबांचं काय होणार, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो लहान नाही.)

हे सगळं आत्ताच का बोलायचं? जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. त्यानंतर उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं नव्या शहरासाठी एमएमआरडीएकडे गेली. असे टॉवर ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये ओततात, भिंतीसकट. तिथं वीटकाम जवळजवळ नसतंच. ठेकेदार तयार टोळी बाहेरून आणेल आणि पेण-रोह्याच्या मिस्त्रीच्या वाट्याला कंपाउंडची भिंत येईल.

प्रशिक्षणाच्या योजना नाहीत असं नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री आहे: ५ ते ७ दिवसांचं प्रशिक्षण, रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज. पण ५०० रुपये मिस्त्रीच्या रोजीपेक्षा कमी आहेत. घर चालवणारा माणूस खाडा करून वर्गात का बसेल? आमच्या मते खरी अडचण आळस किंवा शिक्षण ही नाही, बुडणारी रोजी ही आहे. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर जातो, त्यातून कामगार कल्याणकारी मंडळाकडे पैसा येतो. त्यातून पूर्ण रोजी द्या आणि शिकवणाराच साईटवर पाठवा, आठवड्यातून एक दिवस.

ज्या घरांत कुणी आखातात आहे, त्यांना हे लवकर पटेल. सौदीने वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांची कौशल्य चाचणी भारतातच घ्यायला सुरुवात केली आहे. वीस वर्षं काम केलंय, एवढं सांगून आता भागत नाही.

मंडळाच्या नोंदणीला वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. छोटा ठेकेदार तो द्यायला टाळाटाळ करतो. गावात ग्रामसेवकही देऊ शकतो. जमातीच्या कार्यालयात एक रविवार यासाठी काढला, तरी कितीतरी कागद मार्गी लागतील. शिकलेली पोरं घरात आहेतच, फॉर्म त्यांनी भरावेत.