मेलबोर्नचे तीन गोल

१४ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईच्या वानखेडे क्रीडांगणावर लिओनेल मेस्सी या जगद्विख्यात खेळाडूला पाहण्यासाठी जो जनसमुदाय लोटला, त्याची वर्णने वाचकांनी वाचलेलीच आहेत. त्याच्या बरोबर दोन महिने आधी, १४ ऑक्टोबर रोजी, मडगावच्या फातोर्डा क्रीडांगणावर आपला राष्ट्रीय संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषक स्पर्धेचे दार त्याला बंद झाले. सुमारे साठ लाख वस्तीच्या एका शहरवजा राष्ट्राने दीडशे कोटींच्या देशाला त्याच्याच अंगणात हरवावे, ही घटना साधी नव्हे. तथापि तिची चर्चा चार दिवसांत विरली. पाहुण्याच्या आगमनाची मात्र अनेक आठवडे चालली. वानखेडेवरील त्याच समारंभात राज्य शासनाने तेरा वर्षांखालील निवडक मुलामुलींना शिष्यवृत्ती देऊन फुटबॉलपटू घडविण्याची ‘महादेवा’ ही योजना पुढे आणली. या योजनेचे स्वागत करावे की तिजकडे साशंकतेने पाहावे, हे ठरविण्यापूर्वी आपल्याच प्रांतातील एका खेळाडूचे चरित्र आठवणे उचित होईल.

त्या खेळाडूचे नाव नेव्हिल डिसोझा. गोमंतकीय घराण्यातील हा तरुण मुंबईच्या मैदानांवर वाढला आणि टाटा स्पोर्ट्स क्लबच्या संघातून आघाडीचा खेळाडू म्हणून नावारूपास आला. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले, त्या चारांपैकी तीन गोल एकट्या डिसोझांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. तीन दिवसांनी उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियासारख्या बलाढ्य संघाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला. ती आघाडी काही मिनिटेच टिकली आणि सामना ४-१ असा गमवावा लागला, हे खरे. पुढे तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत बल्गेरियाकडूनही भारत हरला. परंतु स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक, म्हणजे चार, गोल करणाऱ्या तिघांत एक बल्गेरियन होता, एक युगोस्लाव्ह होता आणि तिसरा मुंबईचा होता.

या यशाचे मोल वाढवून सांगण्याचे कारण नाही. त्या स्पर्धेत अवघे ११ संघ उतरले होते. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला न खेळताच पुढची चाल मिळाली. शिवाय ऑलिंपिक त्या काळी हौशी खेळाडूंपुरते असल्याने पश्चिम युरोपातील धंदेवाईक खेळाडू तेथे नव्हतेच. एवढे सर्व वजा केले तरी जे शिल्लक उरते तेही थोडे नाही. चौथा क्रमांक मिळविणारा तो संघ ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला आशियातील पहिला संघ होता. त्याला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे गृहस्थ मूळचे पेशाने शाळामास्तर होते, ही गोष्ट आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. पुढे १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदकही रहीम यांच्याच संघाने जिंकले.

आता याच काळातील दुसऱ्या एका आघाडीच्या खेळाडूकडे पाहू. मेलबोर्ननंतर दोनच वर्षांनी, १९५८ च्या विश्वचषक स्पर्धेत, जुस्त फोंतेन या फ्रेंच खेळाडूने सहा सामन्यांत १३ गोल केले. एका विश्वचषक स्पर्धेतील हा विक्रम त्यानंतरच्या साठ वर्षांत कोणालाही मोडता आला नाही. फोंतेन डिसोझांहून वर्षाने लहान. पायाचे हाड दोनदा मोडल्यामुळे १९६२ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याला खेळ सोडावा लागला. डिसोझा १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकणाऱ्या कॅल्टेक्स संघात होते; परंतु १९६० साली रोमला गेलेल्या भारतीय संघात ते नव्हते. दोघांचाही बहर अल्पकाळचा ठरला. आघाडीच्या खेळाडूचे आयुष्य असेच असते. त्याचे पाय आणि त्याचे वय ही काही राष्ट्राची कायमची ठेव नव्हे.

दोन खेळाडूंची ही तुलना वाचकांना ओढूनताणून केलेली वाटण्याचा संभव आहे. म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्या काळी मैदानावर या दोन देशांत आजच्यासारखी दरी नव्हती. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे निसटते हरले. दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या तर निकाल वेगळा लागता. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. फ्रान्सचे ते संघ हौशी खेळाडूंचे होते हे मान्य. पण आपलेही तसेच होते.

फोंतेनच्या पश्चात फ्रान्सची घसरण झाली. १९६२, १९७० आणि १९७४ या तिन्ही विश्वचषक स्पर्धांना तो देश पात्रसुद्धा ठरला नाही. येथवर त्यांची कहाणी आपल्या कहाणीहून फार निराळी नाही. निराळेपणा येतो तो पुढे. दुसरा फोंतेन जन्माला येईल म्हणून फ्रेंच हात जोडून बसले नाहीत. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी प्रत्येक धंदेवाईक क्लबवर मुलांचे प्रशिक्षण केंद्र चालविण्याचे बंधन घातले. १९८८ साली पॅरिसजवळ क्लेअरफोंतेन येथे राष्ट्रीय केंद्र उघडले. त्यानंतर दहा वर्षांनी फ्रान्सने विश्वचषक जिंकला आणि २०१८ साली पुन्हा जिंकला. २०२२ च्या अंतिम सामन्यात तीन गोल करणारा किलियन एम्बापे हा पॅरिसलगतच्या बाँदी या सामान्य वस्तीतला मुलगा. तो आधी घराजवळच्या लहानशा क्लबात शिकला आणि मग क्लेअरफोंतेनला गेला. प्रतिभा त्याची स्वतःची खरी. परंतु तिच्या दाराशी शिक्षक आणि मैदान अगोदरच हजर होते.

आपल्याकडे काय घडले? १९६३ साली रहीम निवर्तले; त्यांची जागा भरून काढील अशी व्यवस्था मागे राहिली नव्हती, कारण सारी व्यवस्था म्हणजे तो एक माणूसच होता. रोमनंतर भारतीय फुटबॉल संघाने ऑलिंपिकचे मैदान पाहिलेले नाही. मुंबईत खेळाडूला पोटापाण्याचा आधार असे तो गिरण्या, तेल कंपन्या आणि कारखाने यांच्या संघांचा. ते संघ एकामागून एक मोडले. २०१० साली महिंद्राचा संघही विसर्जित झाला. १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स स्पर्धा या शतकाच्या आरंभीच बंद पडली. डिसोझा त्याच्या कितीतरी आधी, १९८० साली, वयाच्या ४७ व्या वर्षी वारले. पुढे वांद्र्याच्या एका मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले, हे योग्यच झाले. तथापि मेलबोर्नच्या त्या दुपारची आठवण आज किती शाळकरी मुलांना आहे, असा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

हा सारा इतिहास अहिल्यानगरच्या वाचकाने का वाचावा? कारण हा प्रश्न मुंबईपेक्षा आपलाच अधिक आहे. भारताचा अव्वल द्रुतगती गोलंदाज झहीर खान आपल्या श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे याचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा. पहिल्याला सतराव्या वर्षी मुंबई गाठावी लागली. दुसरा डोंबिवलीत वाढला. त्यांचा अभिमान आपण अवश्य बाळगावा, पण त्यांच्या घडणीचे श्रेय आपल्याकडे ओढू नये. जिल्ह्याने दिले ते जन्मस्थान. मैदान दुसऱ्या गावाने दिले. क्रिकेटची ही स्थिती, तर फुटबॉलची काय सांगावी? वास्तविक लष्कराच्या छावणीमुळे आपल्या शहराला सैनिकी शिस्तीचा आणि मैदानी खेळांचा शेजार पिढ्यान् पिढ्या लाभलेला आहे. मिशनच्या शाळा येथे जुन्या, महाविद्यालयांपाशी जागा आहे, वाडिया पार्क आहे. उणीव आहे ती नियमितपणाची.

ज्यांनी शाळेत शिकविण्याचे काम केले आहे, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असेल. शालेय फुटबॉल स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. पहिल्याच सामन्यात जो संघ हरतो त्याचा हंगाम त्याच दुपारी संपतो. उरलेले वर्ष ती मुले खेळाच्या तासाची वाट पाहतात आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला दिला जातो. आम्हीही शिक्षक असताना तो घेतलेला आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. उलट फ्रान्समधील त्याच वयाचा मुलगा हंगामभर सामन्यामागून सामने खेळतो. हरला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरतो. गोल करण्याची कला भाषणाने येत नाही. शंभर संधी हुकल्यानंतर ती अंगी बाणते. एका सामन्याचा हंगाम असलेल्या मुलाला त्या शंभर संधी मिळणार कोठून?

म्हणून शासनाच्या नव्या योजनेची परीक्षा आम्ही तिच्या समारंभावरून करणार नाही, आणि मूठभर मुलांच्या निवडीवरूनही करणार नाही. निवडण्यापूर्वी पेरावे लागते. प्रत्येक तालुक्यात शाळाशाळांमध्ये साखळी सामने वर्षभर होतात काय, शिकविणाऱ्याला पूर्ण पगार आणि कायमची जागा मिळते काय, आणि शाळेचे मैदान सायंकाळी वस्तीतल्या मुलामुलींना खुले राहते काय, हे तीन प्रश्न आम्ही दरवर्षी विचारणार आहोत. पालकांनीही ते विचारावेत. कारण गणितासाठी खेळाचा तास मागणारे बहुधा आपणच असतो.

सत्तर वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने घडविलेल्या संघातून एका मुंबईकराने जगाला तीन गोल करून दाखविले. तो दैवयोग नव्हता. त्यामागे एक शिक्षक होता, एक नोकरी होती आणि एक मैदान होते. पाहुणे येतील आणि जातील. अकोले किंवा पाथर्डीतील एखादा मुलगा वा मुलगी आज संध्याकाळी चेंडू घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी असेल. ते फाटक उघडे आहे की कुलूपबंद, यावरच पुढचा सारा हिशेब अवलंबून आहे.