शब्दच तर आहेत म्हणे!



आधी माझा गुन्हा सांगतो, मग दुसऱ्यांचे काढतो.

मी पनवेलजवळच्या एका भातगिरणीत पोती वाहतो. शाळा नववीत सुटली. वाचायला शिकलो रद्दीतल्या पुस्तकांवर, लिहायला शिकलो हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानांवर. दोन वर्षांमागं एका पैसेवाल्याच्या वाढदिवसाला गाणं लिहून दिलं. त्याला गरिबांचा कैवारी केला. शेवटच्या कडव्यात बाबासाहेबांचं नाव घातलं, म्हणजे आपली पोरं नाचतील. पोरं नाचली. मला तीन हजार मिळाले. आईच्या औषधापायी उसनवारी झाली होती, ती फिटली. पण त्या रात्री डीजेवर माझेच शब्द ऐकताना कानात तूस गेल्यासारखं झालं.

यंदा जयंतीला तोच माणूस मंडळाला पैसे द्यायला निघालाय. अट एकच. गाणं मी लिहायचं अन् शेवटी त्याचं नाव यायचं. मंडळातले भाऊच म्हणतात, "लिही की रं, शब्दच तर आहेत."

शब्दच तर आहेत म्हणे! म्हणून हे लिहितोय.

गरिबीवर गाणी कशी लिहितात बघा. पिक्चरातला गरीब कायम गात असतो. फुटपाथवर त्याला चांदणं दिसतं, मच्छर दिसत नाही. कोरडी भाकर त्याला गोड लागते. पैसा म्हणजे पाप, झोपडीत सुख, महालात दुःख. ज्या शेठच्या पैशानं पिक्चर निघतो, त्याच पैशानं गाणं आपल्याला शिकवतं की पैसा वाईट. मग तो वाईट पैसा शेठनं घरात का ठेवलाय? धाडून दे की आमच्या वस्तीत. त्याचं पाप आम्ही वाटून घेऊ.

सगळेच तसे नव्हते. शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला होता, हाताला ऑइल लागलेला माणूस. साहिरनं 1957 च्या 'प्यासा'त कोठ्यावरच्या बाया दाखवून देशाचा अभिमान मिरवणाऱ्यांना जाब विचारला. पण असे हाताच्या बोटांवर मोजावेत. बाकीच्यांचा खेळ ठरलेला. पैशाच्या मागं लागून बिघडायचं गरिबानं, पश्चात्तापही गरिबानंच करायचा.

अन् बाई असली तर पश्चात्तापालाही जागा नाही. शांतारामांचा 'पिंजरा' 1972 साली आला. गाणी जगदीश खेबुडकरांची, अजून गावोगाव वाजतात. गोष्टीचं मूळ 1930 चा जर्मन पिक्चर, 'ब्लू एंजल'. आदर्श मास्तर तमाशातल्या बाईपायी धुळीला मिळतो. घसरला मास्तर, डाग बाईला! तिला घुंगरू कुणी बांधले, गल्ल्यातला तिचा वाटा किती, हे एकाही गाण्यात नाही. तिची कंबर मोजली, मजुरी मोजली नाही.

पनवेलकरांना हे सांगायला नको. डान्सबारांसाठी आपलं गाव गाजलेलं. 2005 साली सरकारनं बंदी आणली. नोटा उधळणाऱ्याला लोकांनी शौकीन म्हटलं, नाचणारीला पापी. बंदी आली ती तिच्या चुलीवर. 2013 ला सुप्रीम कोर्टानं ती बंदी चूक ठरवली, पण मधल्या आठ वर्षांत तिनं काय खाल्लं, यावर कुणी गाणं केलं?

आता आपल्या घरातली गोष्ट. पठ्ठे बापूराव म्हणजे बामण कुळकर्णी, अन् पवळा म्हणजे हिवरगावची आपली महाराची लेक. चळवळीत जुनी माणसं सांगत आली की बापूराव तिला घेऊन बाबासाहेबांकडं गेले, तमाशाचा पैसा सत्याग्रहाला देतो म्हणाले. बाबासाहेबांनी घेतला नाही. आपल्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. चळवळीकडं तेव्हा काय खजिना होता? पै-पैची ददात होती. तरी नाही म्हणजे नाही.

काही शहाणे यातून पवळा वाईट असा धडा काढतात. मुडदा बशिवला त्या धड्याचा! नकार पवळेला नव्हता, तिला नाचवण्याच्या धंद्याला होता. पुढं 16 जून 1936 ला परळच्या दामोदर हॉलात बाबासाहेब देवदासी, मुरळ्या, पोतराज अन् कामाठीपुऱ्यातल्या बायांपुढं उभे राहिले. हे जिणं सोडा म्हणाले. पोटाचं काय, हा सवाल येणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी झोपडीतल्या सुखाचं गोड गाणं त्यांनी ऐकवलं नाही.

मग आज आपण काय गातोय? वामनदादा कर्डकांनी टाटा-बिर्लांची नावं घेऊन विचारलं की या संपत्तीत आमचे कुठं आहेत. तो सवाल होता. आता जयंतीच्या डीजेवर गळ्यात सोन्याची चेन, बुडाखाली लाखाची गाडी. दोस्तांनो, चांगलं राहणं पाप नाही. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनीच बायांना सांगितलं की लुगडं नेसायची जुनी तऱ्हा सोडा, नीटनेटक्या राहा. पण ती गाडी कुणाच्या दारात उभी आहे ते बघा. डीजेपुढं नाचणारं पोरगं सकाळी नाक्यावर बिगारी शोधत उभं असतं. पिक्चरवाला म्हणतो गरिबीत सुख आहे, डीजेवाला म्हणतो गरिबी राहिलीच नाही. दोघं मिळून आपला हिशेब दाबतात.

"पण शाहिरानं खायचं काय?" बरोबर. हा सवाल मी टाळणार नाही, मी तीन हजार खाल्लेत. विलास घोगरेचं नाव घ्या. कष्टकऱ्यांचं जिणं गाणारा शाहीर, 1985 च्या 'हमारा शहर' या फिल्ममध्ये त्याचा आवाज आहे. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, 10 माणसं मेली. काही दिवसांत विलासनं मुलुंडच्या झोपडीत गळफास घेतला. आपण त्याचे फोटो लावतो. तो जगत असताना त्याच्या चुलीकडं किती जणांनी बघितलं?

चळवळ शाहिराला टाळ्या देते, तांदूळ देत नाही. मग तांदूळ पैसेवाला देतो, अन् बदल्यात शेवटचं कडवं मागतो. म्हणून तडजोड एकट्या माझी नाही. ती तुमच्या रिकाम्या पेटीचीही आहे.

अन् शब्दांचा भाव विचाराल, तर तळोजाचं कारागृह आपल्याच तालुक्यात आहे. कबीर कला मंचाचे सागर गोरखे अन् रमेश गायचोर यांना 2020 साली पकडलं, तिथं ठेवलं. गाणारी पोरं! सरकारला शब्दांचा भाव कळतो, पैसेवाल्याला कळतो. कळत नाही तो आपल्या मंडळाला.

तर मंडळाला माझा जबाब ऐका. आपल्या वस्तीत दोनशे घरं. घरटी पन्नास रुपये काढले तर दहा हजार होतात. त्यात डीजे येणार नाही. ढोलकी येईल, तुणतुणं येईल, दोन शाहिरांना मानधन अन् जेवण देता येईल. गाणं मी लिहितो. त्यात गिरणीतल्या पोत्याचं वजन असेल, हजेरी असेल, मुकादमानं कापलेली उचल असेल. शेवटच्या कडव्यात नाव येईल ते पन्नास रुपये देणाऱ्या घरांचं.

अन् ते तीन हजार मी पेटीत भरतोय. हप्त्यानं. पहिले पाचशे काल भरले, पावती घेतली.

तुमची पावती कुठाय?